तारेच्या चौकटीतून आलेले नाव

मोटार-रिवायंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेवरील वार्निशचा वास आला, की एकाहत्तरच्या युद्धानंतरची आमच्या कोल्हापूरच्या घरातील एक संध्याकाळ आठवते. धाकटा भाऊ आघाडीवर बेपत्ता होता. शत्रूच्या रेडिओवर कैद्यांची नावे वाचत. पण जवळच्या केंद्राच्या आवाजात ती बुडत. म्हणून लाकडी चौकटीवर तारेचे वेढे देऊन मी एरियल बनवले.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, चौकटीचे तोंड उत्तरेकडे, शत्रूच्या केंद्राच्या दिशेने केले.

"आबा, तोंड नव्हे, कड तिकडे हवी."

"तोंड फिरवून कुणी ऐकतंय व्हय रं?"

अशी चौकट कडेच्या दिशेचे पकडते, तोंडासमोरचे गाळते. मी ती सावकाश वळवली. जवळचे केंद्र विरले. खरखरीतून भावाचे नाव आले, पाठोपाठ आबांचे, मग आडनाव.

"गावला की!" आबा ओरडले.

आज नवल वाटते: मुलगा शत्रूच्या कैदेत आहे, म्हणून आईने गल्लीभर साखर वाटली.