दोन्या फ्लोरिंदाचा सगळा माल खपला

पहिल्या वर्षाला 'उद्योग आणि व्यवस्थापन : पहिली ओळख' हा विषय सेनोन आर्नेस एकवीस वर्षं शिकवत होते. पोरं त्यांना तोंडावर 'लिक' म्हणत, कोचाबांबा शहरात सगळ्याच पदवीधर मास्तरांना म्हणतात तसं, आणि पाठीमागे 'समजा' म्हणत. कारण लिकचं प्रत्येक वाक्य तिथूनच निघायचं. डोळे मिटून, खडू हवेत धरून : "समजा, तुम्ही पावाची भट्टी टाकलीत. समजा, पीठ महागलं. समजा, भट्टीवर काम करणारा पळून गेला." तासाभरात त्या भट्टीवर इतकी संकटं कोसळायची की मागच्या बाकावरून ग्रोवेर विचारायचा, "लिक, समजा आपण भट्टी विकूनच टाकली तर?"

मग लिक फळ्यावर चार चौकोन काढायचे : नियोजन, संघटन, नेतृत्व, नियंत्रण. खाली मोठ्या अक्षरांत : 'माल लवकर खपवा. शिल्लक ठेवू नका.' आणि त्याखाली दोन रेघा.

ऑगस्टमध्ये विभागप्रमुख दोक्तोर उरकिदींनी त्यांना बोलावलं. दोक्तोर प्रत्येक वाक्याआधी खाकरत, जणू वाक्य घशातून ढकलून काढावं लागतं.

"ख्हं. आर्नेस, मुलं म्हणतात तुम्ही नुसते चौकोन काढता. ख्हं. हा विषय पुढच्या सत्रापासून संगणकावर चालवावा म्हणतो. एकदा रेकॉर्ड केलं की झालं. ख्हं. पण तुम्ही जुने आहात. एक प्रात्यक्षिक घ्या, मी बघायला येईन. मग ठरवू."

लिकना दुसरा विषय येत नव्हता. हा गेला की तेही गेले.

ते विचार करत करत बाजारात गेले आणि रोजच्यासारखे दोन्या फ्लोरिंदाच्या, म्हणजे फ्लोरिंदाबाईंच्या, टोपलीपाशी थांबले. फ्लोरिंदा हुमिंता विकायची : मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेल्या, आत चीज, हात भाजेल इतक्या गरम. ती त्यांना 'कासेरो' म्हणायची, ते तिला 'कासेरा'. रोजचं गिऱ्हाईक आणि रोजची विकणारी एकमेकांना हेच म्हणतात, आणि एकदा म्हटलं की दुसरीकडून घेणं म्हणजे बेइमानीच.

"कासेरा, एक शनिवार सकाळ तुझी टोपली माझ्या पोरांना देशील? प्रात्यक्षिक आहे."

"विद्यापीठातल्या पोरांना? ती वाफेनंच रडतील हो!" फ्लोरिंदा हसली. पण त्या शनिवारी भाचीच्या लेकराचं जावळ होतं आणि धर्ममाता म्हणून पहिली बट तिलाच कापायची होती. "बरं, घ्या. एकशेवीस देते. आठला बसा, दुपारी बारापर्यंत पुरवा."

'पुरवा' हा शब्द लिकनी ऐकला आणि सोडून दिला.

शनिवारी ग्रोवेर टाय बांधून आला. वर्गातली योबाना वहीत चार चौकोन आणि खालचं वाक्य दोन रेघांसकट उतरवून आली. आणखी पाच जण होते, त्यातल्या दोघांनी आल्या आल्या स्वतःच एकेक हुमिंता खाल्ली आणि पैसे देऊन 'पहिली विक्री' म्हणून टाळ्या पिटल्या.

सव्वाआठला एक छोटी व्हॅन थांबली. खिडकीतून एका माणसानं विचारलं, "किती आहेत?"

"एकशेअठरा!" ग्रोवेर म्हणाला.

"सगळ्या दे. कंपनीचा नाश्ता आहे."

ग्रोवेरनं योबानाकडे पाहिलं. योबानानं वहीतल्या दोन रेघांकडे पाहिलं. पाच मिनिटांत टोपली रिकामी झाली, आणि सातही जण एकमेकांच्या गळ्यात पडले.

साडेनऊला लिक आले तर पोरं उलट्या टोपलीवर बसून गाणी म्हणत होती. "लिक! नियोजन, संघटन, नेतृत्व, नियंत्रण, आणि वीस मिनिटांत शिल्लक शून्य!" लिकचा ऊर भरून आला. आज दोक्तोर येऊन काय खाकरणार ते त्यांनी मनातल्या मनात ऐकूनही घेतलं.

तेवढ्यात शेअर टॅक्सी चालवणारा कासियानो आला. त्यानं टोपलीत पाहिलं, पोरांकडे पाहिलं.

"संपलं? फ्लोरिंदाचं? आजारी आहे का ती?"

"सगळं खपलं, काका!" ग्रोवेर छाती फुगवून म्हणाला.

"खपलं? आणि मी काय खाऊ, तुझा टाय?"

मागोमाग इस्पितळातल्या तीन नर्सबाया आल्या. मग चाव्या बनवणारा. मग शाळेतली स्वयंपाकीण, जी फ्लोरिंदाकडून रोज सहा नेते. प्रत्येकजण टोपलीत डोकावला, प्रत्येकजण समोरच्या रांगेत हुमिंताच विकणाऱ्या सातुकाच्या टोपलीकडे वळला. सातुका गोड आवाजात हाका मारत होती, "या कासेरा, या, माझ्याकडे आहेत, गरम गरम, या माझ्या राण्या." आणि पोरांकडे बघून जीभ काढत होती.

अठरा वर्षं ते स्वतः इथे उभे राहून खात होते. मोठं गिऱ्हाईक आलं की फ्लोरिंदा काय म्हणते हे त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. आणि फळ्यावर मात्र त्या दोन रेघा!

दहाला दोक्तोर उरकिदी आले, आणि दुसऱ्या बाजूनं फ्लोरिंदा, लेकराची बट कापून तशीच धावत, बाळाचे दोन केस अजून घागऱ्याला चिकटलेले.

"माझ्या हुमिंता कुठायत?"

"विकल्या, दोन्या!" योबाना म्हणाली. "एकाच माणसाला."

"एकाला? सगळ्या? अगं बाई गं!" फ्लोरिंदानं डोक्यावरची उंच टोपी काढून हातात घेतली, म्हणजे प्रकरण गंभीर. "त्या व्हॅनवाल्याला सांगायचं, वीस घे बाबा, बाकीच्या माझ्या माणसांच्या! तो उद्या येणारे? येणारे का, टायवाल्या? आणि कासियानो कुठाय? सातुकाकडे! माझा कासियानो सातुकाच्या टोपलीशी! आणि मी आता बारापर्यंत काय करू, रिकाम्या टोपलीला वारा घालू?"

"ख्हं. बाई," दोक्तोर म्हणाले, "माल खपला, पैसे आले. हेच तर उद्दिष्ट..."

"तुम्ही कोण? तुमच्याकडे विकायला काय आहे?"

दोक्तोर चक्क खाकरायचे विसरले.

लिकना कळलं, गप्प राहिलं तर विषय वाचेल. दोक्तोरांना रिकामी टोपली आवडली होती.

"चूक पोरांची नाही," ते म्हणाले. "माझी आहे, दोक्तोर. मी एकवीस वर्षं चुकीचं वाक्य फळ्यावर लिहितोय. धंदा म्हणजे माल नाही, ही माणसं. आज आम्ही हिची माणसं विकून टाकली."

दोक्तोर म्हणाले, "ख्हं. मग तुमचं प्रात्यक्षिक नापास."

"अजून संपलं नाही," फ्लोरिंदा म्हणाली. "उद्या पहाटे पाचला सातही जण माझ्या घरी. मका दळायचा. मग माझ्या एकेका माणसापाशी जाऊन सांगायचं, चुकलो. आणि प्रत्येकाला एक यापा, वरची, फुकट. ती तुमच्या खिशातून. मास्तर, तुम्हीपण या. दळता येतं का?"

"नाही."

"शिकाल."

रविवारी आठ जणांनी मका दळला. ग्रोवेरनं टाय काढून डोक्याला बांधला. मग सगळे टोपल्या घेऊन टॅक्सीच्या थांब्यावर, इस्पितळाच्या दारात, चावीवाल्याच्या टपरीवर गेले. कासियानोनं पाच मिनिटं शिव्या दिल्या आणि दोन्ही हातांनी यापा घेतली. स्वयंपाकीणबाईनं मात्र स्पष्ट सांगितलं, "मी दोन दिवस सातुकाकडे खाणार. फ्लोरिंदाला जरा जळू दे." योबानानं तेही लिहून घेतलं.

मंगळवारपर्यंत स्वयंपाकीणबाई सोडून सगळे फ्लोरिंदाकडे परतले, आणि बुधवारी त्याही.

दोक्तोरांनी निर्णयासाठी बाहेरच्या व्यक्तीचा लेखी अभिप्राय मागितला होता. फ्लोरिंदाला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून तिनं तो योबानाकडून लिहून घेतला, खाली अंगठ्याएवढी सही केली. दोक्तोरांनी तो लिकसमोर मोठ्यानं वाचला :

"टायवाला : बोलतो फार, दळतो बरा. वहीवाली : हुशार, पण वही बाजूला ठेवली की. बाकी पाच : वाफेनं रडले, पण पळाले नाहीत. मास्तर : चूक कबूल करतो. असे मास्तर मी आधी पाहिले नव्हते. यांना ठेवा. रेकॉर्डला दळायला बोलावता येत नाही."

"ख्हं," दोक्तोर म्हणाले. मग त्यांनी पेन उघडलं आणि लिकचा विषय चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली, फक्त एक अट घालून : पुढच्या वर्षी दळायला मलाही बोलवा.