दिगंबरने उत्तर चोरलं नव्हतं

दिगंबर गेल्याची बातमी मला आमच्या रविवारच्या ग्रुपवर कळली. ज्या ग्रुपमधून त्याला काढून टाकलं होतं, त्याच ग्रुपवर. ‘आपल्या ग्रुपचे माजी सदस्य’ अशी सुरुवात होती आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. सगळ्यांनी हात जोडले तसे मीही जोडले आणि फोन पालथा ठेवला. इतक्या वर्षांचा मित्र, आणि तो आजारी असल्याचंही मला माहीत नव्हतं. ऐकताक्षणी दुःख झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी राग आला. या माणसाने शेवटपर्यंत मला काही सांगितलं नाही याचा राग. मग त्या ‘माजी’ शब्दावर नजर अडकली. त्याला माजी मीच केलं होतं...

आम्ही यवतमाळातली निवृत्त मंडळी दर रविवारी दारव्हा रोडवरच्या डोंगरात चालायला जातो. मी पाटबंधारे खात्यातला, दिगंबर कृषी खात्यातला. तो मूळचा दारव्ह्याकडचा, घरी कपाशी आणि तुरीचं शेत, त्यामुळे नोकरी ऑफिसात केली तरी पाय शेतकऱ्याचे राहिले होते. चढावर तो पुढे असायचा आणि मी मागून नकाशा उघडून दिशा सांगायचो. त्याला ते मुळीच खपत नसे. “मोरू, तो फोन खिशात टाक आन् डोळे काढ बाहेर,” असं तो वळूनही न पाहता ओरडायचा. मोरेश्वर या माझ्या नावाचं मोरू करणारा माझ्या आईनंतर तोच एक.

गेल्या वर्षी या डोंगरात एक खेळ आला. पुण्यात नोकरी करणाऱ्या दारव्ह्याच्याच एका मुलीने डोंगरात कुठेतरी एक डबी लपवली आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर वाटेतल्या जागांचे फोटो टाकले. एका फोटोतली जागा ओळखायची, तिथे पोचायचं, मग पुढच्या फोटोतली जागा शोधायची. शेवटच्या फोटोपाशी डबी. डबीत कागदाची एक पट्टी आणि पेन्सिल. जो तिथवर चढून जाईल त्यानेच पट्टीवर नाव लिहायचं, दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही, एवढा एकच नियम. मग सापडल्याचं अ‍ॅपवर कळवायचं. जगभर लोक हा खेळ खेळतात म्हणे. आम्ही म्हातारे त्यात असे गुंतलो, की घरचे हसायला लागले. निवृत्त माणसांना मानापमानाला जागा उरत नाही, आम्हाला ती त्या डबीत मिळाली. कोण पहिला पोचतो यावरून चहाच्या टपरीवर भांडणं व्हायची.

दिगंबरची आणि माझी जोडी ठरलेली. बोली एकच होती, डबी उघडायची ती दोघांनी मिळून. वाकडं धावड्याचं झाड, वीज पडून काळा झालेला साग, वारूळ चढलेला खडक अशा एकेक जागा सापडत गेल्या. फोटोत नुसतं एखादं खोड असलं तरी तो म्हणायचा, “हे झाड उतारावरचं नोहे. मुळं पाह्य त्याचे, सपाटीवरचं हाय.” आणि तसंच निघायचं. अडलो ते शेवटच्या फोटोवर. त्यात ती मुलगी आणि तिचे वडील उभे होते, मागे दुभंगलेला मोठा खडक आणि डाव्या हाताला नाला. नाला डावीकडे असलेले सगळे खडक आम्ही सबंध हिवाळाभर उलथेपालथे केले. एकदा दिगंबर वैतागून खडकावर बसला आणि म्हणाला, “त्या पोरीनं डबी पुण्यालेच नेली वाटते बे.”

उत्तर मला घरीच सापडलं. शर्टाच्या खिशात चष्मा ठेवत होतो. खिसा डाव्या छातीवर. सहज फोटो आठवला, उघडून पाहिला. त्या मुलीच्या वडिलांचा खिसा उजव्या छातीवर होता. सेल्फी होता तो, आणि आरशात दिसावं तसा उलटा उमटला होता. म्हणजे नाला डावीकडे नव्हताच, उजवीकडे होता. मी तडक दिगंबरला फोन लावला. तो इतका हसला, की खोकला लागला. “मोरू, तुह्या डोक्याले मानलं बे!” मी म्हटलं, “रविवारी जाऊ.” तो म्हणाला, “हो. रविवारी.”

शुक्रवारी अ‍ॅपवर त्याचं नाव झळकलं. डबी सापडली. पहिला मानकरी, दिगंबर. एकटाच.

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. कोणी परक्याने फसवलं तर माणूस आरडाओरडा करतो. इथे मी अ‍ॅप उघडून त्याचं नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. उत्तर माझं, वाट दोघांची, आणि नाव त्याचं. रविवारी टपरीवर सगळे विचारायला लागले, “काय हो, तुमची तर जोडी होती?” तेव्हा मी जे बोललो, ते आज इथे लिहायचं आहे. मी म्हणालो, “त्या पोरीचा बाप याच्या ओळखीचा हाय. दारव्ह्याच्या बाजारात भेटते. त्याच्याकडून उत्तर काढलं यानं.” ओळख खरी होती. बाकीचं सगळं खोटं. पण ओळख खरी असल्यामुळे बाकीचंही सगळ्यांनी खरं मानलं. त्याच संध्याकाळी त्याला ग्रुपमधून काढलं. मी ‘योग्य निर्णय’ असं लिहिलं. त्याने कोणाकडे एका शब्दाने खुलासा केला नाही. मला मात्र काही दिवसांनी दोनदा फोन केला. मी उचलला नाही. पुढे तो लेकीकडे वणीला राहायला गेल्याचं कानावर आलं. म्हटलं, लाज वाटली असेल.

तेरवीला गेलो तेव्हा त्याची लेक वैशाली दारातच भेटली. तिने बाजूला नेऊन सांगितलं. हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती, नागपूरला, त्याच शनिवारी. डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढे डोंगर बंद. म्हणून तो शुक्रवारी तिला घेऊन चढला. नको नको म्हणत तीच त्याला हात देत वर घेऊन गेली होती. शस्त्रक्रियेनंतर तो तिच्याकडेच वणीला होता, पण तब्येत पुन्हा धड झाली नाही.

मी म्हटलं, “मले काहून नाही सांगतलं?”

“काका, तुमाले सांगतलं असतं तर तुमी जाऊ देल्लं असतं काय?”

नसतं जाऊ दिलं. त्याच्या फाटकाला स्कूटर आडवी लावून बसलो असतो. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही... इतक्या वर्षांत एकदा तरी मला सांगून पाहायचं होतं. मी भांडलो असतो, ओरडलो असतो आणि शेवटी पाण्याची बाटली घेऊन त्याच्या मागे निघालो असतो. निदान आज मला तसं वाटतं. ती संधी त्याने मला दिली नाही. तो खोटं बोलला, मग मी खोटं बोललो. त्याचं खोटं एका शुक्रवारपुरतं होतं. माझं मात्र तो जाईपर्यंत त्याच्या नावाला चिकटून राहिलं.

गेल्या रविवारी टपरीवर मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. कोणी मान हलवली, कोणी बशीतला चहा फुंकत राहिला. ग्रुप चालवणारे गृहस्थ म्हणाले, “जाऊ द्या ना भाऊ, आता माणूसच नाही राह्यला.” माणूस राहिला नाही, पण ठपका राहिला आहे, आणि टपरीवर न येणाऱ्यांनीही तो ऐकला आहे. म्हणून हा मजकूर छापायला देतो आहे.

परवा वैशालीला घेऊन मी त्या खडकाशी गेलो. गुडघ्यांनी फार त्रास दिला. खडकाच्या फटीतून तिने डबी काढली, पट्टी उलगडून माझ्या हातात दिली. खरं सांगतो, पट्टीवर आपलंही नाव असेल अशी आशा मनात होती. नव्हतं. त्याचं एकट्याचं होतं, ठसठशीत. मी तिथेच बसलो आणि मेलेल्या माणसावर पुन्हा चिडलो. वैशालीला ते दिसलं असावं.

“बाबानं पेन्सिल धरून लय वेळ विचार केला काका. मी म्हटलं, टाका ना मोरूकाकाचं नाव, कोण पाह्यते? तर म्हणे, नाही. मोरूले चढून येऊ दे. बसल्या जागी भेटलेलं त्याले पचत नाही.”

मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. हेच फोनवर सांगायचं होतं ना बे... पण फोन मी उचलला नव्हता. पेन्सिल घेतली, त्याच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. दुसरा मानकरी. वैशाली म्हणाली, “काका, तारीख टाका.” टाकली. वर त्याची हिवाळ्यातली तारीख होती. आमच्या दोन नावांच्या मध्ये सबंध उन्हाळा आणि सबंध पावसाळा होता.