काच खाली आली आणि सासूबाई निघाल्या

मंडळी, आज गाडीचं दार मी चक्क उलथन्याने उचकटलं!

महिनाभर पुढची डावी काच खालीच येत नव्हती. एसी आहे ना, म्हणून आम्ही नवरा-बायको चालढकल करत होतो. आज मात्र स्क्रू काढून दाराचं आतलं कव्हर उघडायला घेतलं. सासूबाई ओरडल्या, "अगं, माझं उलथनं वाकेल!"

आत बघते तर मोटरच्या वायरचा प्लग नुसता सुटला होता. तो घट्ट बसवला, बटण दाबलं आणि काच सुर्रकन खाली! हुश्श! एक क्लिप तुटली, पण जाऊ दे.

सासूबाई म्हणाल्या, "थांब, साडी बदलते. येवल्याला जाऊन येऊ."

येवल्याला त्यांची बहीण असते. महिनाभर चला म्हटलं, की सासूबाईंचे गुडघे दुखायचे.

निफाडच्या पुढे, खिडकीतून वारा खात त्या हळूच म्हणाल्या, "बंद गाडीत मला मळमळतं गं. पण तुम्हाला एसी लागतो, काच दुरुस्त करा कसं म्हणू?"

आता येवल्यात दोघी बहिणींच्या गप्पा चालल्यात. गुडघे एकदम ठणठणीत.

तुमच्या घरात कोणाचे गुडघे दुखतायत? एकदा गाडीची काच तपासा.