गुळावर पोसलेलं विष

वहिनीने वांग्याचं मलूल रोप उपटलं, तर मुळांवर गाठीच गाठी. एक गाठ तिने नखाने फोडली.

“सूत्रकृमी. मूळ जिवंतपणी पिऊन टाकतात.”

शेजारच्या पिंपात तिने गूळपाण्यावर जिवाणू पोसले होते. त्यांचं विष पोटात गेलं की कृमीचं आतडं आतून फाटतं, हे ती पिंप ढवळता ढवळता सांगत होती, जसं काही ताकच घुसळतेय. जमिनीखालची किंकाळी ऐकू येत नाही, म्हणून आपण शेताला शांत म्हणतो.

मी बादली भरून वाफ्यात शिरलो.

“भाऊजी, चप्पल काढा. काळी आई आहे ती.”

चप्पल काढून मी ते विष उरलेल्या रोपांच्या मुळाशी ओतलं. पायाखाली कत्तल सुरू झाली होती आणि तळव्यांना नुसता गारवा लागत होता.