प्रार्थनेची पेज

काल नव्या तांदळाच्या पेजेचा वास आला आणि वरठीचं आमचं जुनं घर आठवलं.

तापाने फणफणलेल्या बाबांच्या पोटात दोन दिवस काही नव्हतं. शेजारच्या ख्रिस्ती नर्सबाईंनी पेज आणली, वाटीवर हात धरून, डोळे मिटून प्रार्थना पुटपुटल्या.

"खा भाऊ. देवानं तुमाले कामासाठी पाठवलं."

बाबा पक्के नास्तिक. "मानूस माकडापासून झाला, बाई. कोनं कायले पाठवलं नाई त्याले."

"मंग मी रोज कायले येऊन राहिली?"

त्या जाताच बाबा वाटी माझ्याकडे सरकवून कुजबुजले, "आधी तू चाख. बाईनं प्रार्थना केली हाये."

मी खादाड, सगळीच संपवली. मला फक्त झोप आली.

तेव्हा मला बाईंचा संशय यायचा. आता बाबांच्या नास्तिकपणाचा येतो.