सफाईनं दात हलतात
लवंगेच्या तेलाचा वास आला की लिंबायतची ती सकाळ आठवते. बायकोनं हिरडीला लवंगेचं तेल लावलं होतं, आणि आम्ही दोघं दाराशी बसून बशीतून चहा पीत होतो. मी पाकिटातली गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. "काय डॉक्टर, आज सुई नाही ना?" असं म्हणून ती सुजल्या तोंडानं हसली. तेच शेवटचं हसणं. त्याच्या सहा महिने आधी तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून पर्वत पाटियाच्या दातवाल्याकडं नेलं होतं. तो बोलला, "भाऊ, गोली से सूजन उतरेगी, मैल तो सफाई से ही जायेगा. पाँच दिन गोली, खाने के बाद, और साथ में सफाई." बाहेर आल्यावर मीच म्हणालो, सफाई नको, सफाईनं दात हलतात, लूमवर कापड विणणारे सगळे सांगतात. गोळीनं ठणका थांबायचा, म्हणून मी मेडिकलवरून आणून चारतच राहिलो, तिच्या सोमवारच्या उपासालाही. तो दिवस सोमवारच होता. दुपारी तिला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात म्हणाले, गोळ्यांनी पोटात जखम झाली. दिवस मावळायच्या आत ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सुतक, पाहुणे बसलेले, आणि मी उठून त्या दातवाल्याकडं गेलो. "भाभी नहीं आयी?" त्यानं विचारलं. मी खुर्चीत बसलो, म्हणालो, माझे साफ करा. नंतर भर रस्त्यात उभं राहून बोटानं एकेक दात दाबून पाहिला. एकही हलला नाही. आजही हलत नाहीत, मेले.