नंदीचा गुडघा

सकाळी सहा वाजून पाच मिनिटं. माणिकप्पा तराफ्याच्या दोराच्या गाठी तपासत होता. छत्तीस वर्षं दिवसाचं पहिलं काम हेच.

निलंग्याच्या बाजूला मांजरेच्या पात्रात दोन बेटं आहेत. दक्षिणेचं दर पावसाळ्यात बुडतं. वस्ती उत्तरेच्या बेटावर: नऊ घरं, एक हातपंप, ज्वारी-तुरीची थोडी रानं आणि काठाला महादेवाचं देऊळ. भूकंपात दगडमातीच्या भिंती पडल्या, तेव्हापासून सगळी घरं पत्र्याची. पलीकडे जायला प्लास्टिकच्या पिपांवर फळ्या ठोकलेला तराफा. दोन्ही काठांना कप्पी, तिच्यातून फिरता दोर. काठावरून दोर ओढला की तराफा सरकतो.

देवळापुढच्या दगडी नंदीचा गुडघा पाण्याखाली गेला की तराफा बंद. नियम माणिकप्पाच्या वडिलांचा. आज, रविवारी, गुडघा दिसत नव्हता.

नात राजकन्या दप्तर घेऊन उभी होती. लातूरला ती डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास करते. पोळ्याला घरी आली होती. दहा वाजता क्लासची चाचणी; चुकली तर पहिल्या तुकडीतून थेट तिसरीत. पलीकडून एसटी सातला.

"आबा, नंदी भूकंपात वीतभर खचला, तुमीच सांगता. मग पाणी जुन्या खुणेच्या खालीच हाय की!"

"घ्या! आता नंदीला बी क्लास लावा," शेजारच्या कावेरीबाई म्हणाल्या. त्या दुधाची किटली घेऊन आल्या होत्या.

"मला ठाव न्हाई व्हय?" माणिकप्पा म्हणाला. "बाची लाकडी होडी व्हती. ही पिपं हायत, धारेत लवकर कलंडत्यात. ती वीत मी पिपांसाठी सोडलीय."

"मग वजन टाकून बघा. मी बेचाळीस किलो."

"अन् माझं इचारू नगं," कावेरीबाई म्हणाल्या.

माणिकप्पानं वाळूची दोन पोती तराफ्यावर टाकली, शंभर किलोच्या आसपास. दोर ओढून तराफा माणसाविनाच पलीकडे नेला आणि परत आणला. पोती उचलून खाली हात फिरवला. फळ्या कोरड्या होत्या.

"एकलीच जायचं. बसून."

"अन् माझं दूध? नासलं तर तू पिशील?"

"खवा करा, वैनी."

राजकन्येच्या कमरेला त्यानं टायरची हवा भरलेली ट्यूब बांधली. सहा चाळीसला तराफा सुटला. मधल्या धारेत दोर ताणला, तसा माणिकप्पा थांबला, त्यानं दोर सैल होऊ दिला आणि पुन्हा ओढू लागला. पलीकडे उतरून तिनं ट्यूब तराफ्यावर ठेवली आणि वळून न बघता रस्त्याकडे पळाली.

पावणेदहाला फोन आला. ती वर्गात बसली होती.

अकराच्या सुमारास गुडघा उघडा पडला, तेव्हा कावेरीबाई निघाल्या.

"आता खूण वर घेणार म्हण की."

"न्हाई. नातीसाठी पोती टाकली. रोज कोण टाकतंय?"

उद्या पहिली खेप सहा वीसला आहे. नंदीचा गुडघा दिसत असेल तर.